कृपया दार उघडावे

अकरा मिनिटं. तीन महिने खपून मी जे कोडं रचलं, ते अकरा मिनिटांत सुटलं. दोन वाजता स्पर्धा सुरू झाली, दोन वाजून अकरा मिनिटांनी पडद्यावर हिरवी पट्टी सरकली, ‘वायसर यांनी दार उघडलं’, आणि माझ्या हातातली सफरचंदाची फोड तोंडापर्यंत पोचलीसुद्धा नव्हती. राग माझ्या नाकावर असतो, हे मला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण हा राग आधी कानांत आला. कान गरम झाले, मग मान, मग हात. फोड मी बशीत परत ठेवली. कोडी सुटतात, सुटण्यासाठीच असतात, त्याचा मला कधी राग येत नाही. पण या कोड्यात लवकर सुटण्यासारखं काही नव्हतंच. मी हिशेब केला होता: पहिला तास लोक नको तिथे भटकणार, दुसऱ्या तासात एखाद-दुसरा योग्य गल्लीत शिरणार, आणि साडेचारच्या सुमारास कुणीतरी घाम पुसत दारापाशी पोचणार. अकरा मिनिटांत तर सगळी पानं नुसती वाचूनही होत नाहीत. म्हणजे कुणीतरी उत्तर फोडलं. माझ्या घरात शिरून, माझ्या टेबलाचा खण उघडून उत्तर उचलावं, तसं.

आमच्या स्पर्धेबद्दल बाहेरच्यांना सांगायला गेलं की ते दचकतात, हॅकिंग म्हटलं की लोकांना चोरच दिसतो. यात चोरी नाही आणि नासधूसही नाही. संगणक-सुरक्षेचं काम करणारे, ते शिकणारे आणि नुसते हौशी असे दीड-पावणेदोनशे लोक आहेत, कोण कुठले ते एकमेकांना माहीत नाही, टोपणनावांनीच ओळखतात. दर दोन महिन्यांनी एका रविवारी दुपारी मी त्यांच्यासाठी खोट्या कचेऱ्या, खोटी दुकानं, खोटी माणसं उभी करते, त्यांना कुलपं घालते, आणि त्यांनी ती फोडायची. मैत्रीतली कुस्ती. चुकीचं उत्तर आलं तर पडद्यावर ‘दार हललंसुद्धा नाही, जोर लावा’. मुदतीत बरोबर आलं तर हिरवी पट्टी. मुदत संपल्यावर कुणी बरोबर उत्तर दिलं, तर ‘उत्तर बरोबर! पण वरातीमागून घोडं. गुण शून्य.’ ही वाक्यं माझीच, पाच वर्षांपूर्वी एका बैठकीत लिहिलेली, आणि मला ती अजून आवडतात. आवडत होती. पाच वाजता सगळे आवाजाच्या एका खोलीत जमतात आणि मी चुकांची मैफल घेते. त्यासाठी आलेलं प्रत्येक चुकीचं उत्तर मी साठवून ठेवते. खऱ्या जगात चुकीचे पासवर्ड असे साठवून ठेवणं आमच्या धंद्यात पापच, पण इथे खेळ आहे, चालतं. त्यातली सगळ्यात विनोदी उत्तरं मी वाचून दाखवते, लोक पोट धरून हसतात. पावणेदोन वर्षांपूर्वी नवशिक्यांच्या कोड्यात तोटी नावाच्या कुणीतरी पासवर्डच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘कृपया दार उघडावे, ही विनंती.’ अर्ज! दाराला अर्ज! ते मी सरकारी आवाज काढून वाचलं, आणि पुढची चार मिनिटं कुणाला बोलता येईना. तेव्हापासून आमच्यात नमस्कार-चमत्कार उरले नाहीत. मैफलीला येणारा प्रत्येक जण आल्या आल्या लिहितो, ‘कृपया दार उघडावे’, मगच आत येतो. तोटी पुन्हा कधी आला नाही.

कानावरच्या हेडफोनमधून खिळा ओरडत होता. खिळा म्हणजे माझा जोडीदार, गुणांचा तक्ता तो सांभाळतो, दिवसा कुठल्याशा शाळेत गणित शिकवतो, आणि त्याचा चेहरा मी सात वर्षांत पाहिलेला नाही. “अगं, अकरा मिनिटं! हा माणूस आहे का भूत? तीन महिन्यांपूर्वी आलाय, आजवर एक कोडं सोडवलं नाहीये याने.” मी म्हटलं, “उत्तर कुणाला माहीत होतं?” मी परत विचारलं, “सांग ना, माझ्याशिवाय उत्तर कुणाला माहीत होतं?” “माझ्याकडे बोट दाखवतेयस?” खिळा म्हणाला. “मला तर तू उत्तर सांगितलंच नव्हतंस. मी मागितलं होतं, तपासायला, तेव्हा म्हणालीस, हे नाही सांगणार. विसरलीस?” विसरले नव्हते. खिळ्यासारख्या माणसावर घसरणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, हे बोलता बोलताच मला कळत होतं, पण राग एकदा सुटला की मला तो मध्येच थांबवता येत नाही, कधीच आला नाही. “बाद करूया त्याला?” खिळ्यानं विचारलं, पडेल आवाजात. मी म्हटलं, आधी नोंदी बघते. आणि त्याचा आवाज बंद केला.

उत्तर खिळ्याला का सांगितलं नव्हतं, ते मला माहीत होतं. कोडं एका म्हाताऱ्याचं होतं. निवृत्त माणूस, एकटा, संगणक शिकायला उशिरा बसलेला, त्याची पत्रं, त्याने काढलेले फोटो, त्याच्या जुन्या कचेरीतले नकाशे मी इथे तिथे पेरले होते, आणि त्यांतून लोकांनी त्याचा पासवर्ड ओळखायचा होता. म्हातारी माणसं पासवर्डला घरच्या माणसाचं नाव लावतात, हा आमच्यातला शिळा विनोद, त्यावरच सगळं उभं होतं. उत्तर होतं ‘ठिणगी’, आणि पुढे माझं जन्मवर्ष. हा शब्द अख्ख्या कोड्यात एकाच ठिकाणी होता, एका नकाशाच्या समासात, मुंगीएवढ्या अक्षरात. ठिणगी म्हणजे मी. त्या नावानं मला हाक मारणारी माणसं जगात तीन होती. आई गेली, आठ महिन्यांपूर्वी बाबा गेले. म्हातारा खोटा आहे असं मी स्वतःला तीन महिने बजावत होते. पण खोट्या म्हाताऱ्याला पाणीपुरवठा खात्यात आरेखक मी केलं, नळांचे आणि झडपांचे नकाशे काढायला मी लावलं, आणि कपाटाच्या बाजूला खुंटीला टांगलेली आरेखनाची टी-पट्टीही त्याच्या एका फोटोत मीच ठेवली. ती पट्टी अजून तिथेच आहे. भिंतीपलीकडच्या खोलीत, बाबांच्या टेबलाशेजारी.

टेबलावर त्यांचा संगणक आहे. आई गेल्यावर ते माझ्याकडे राहायला आले, आणि रोज सकाळी सात ते आठ त्यावर काहीतरी लिहीत बसायचे. दार लोटलेलं असायचं. काय लिहिता, म्हणून मी कधी विचारलं नाही, सकाळी मला घाई असते. ते गेल्यावर मात्र मला दुसरं काही सुचेना. चौदा महिने रोज एक तास माणूस काय लिहितो? माझ्याबद्दल लिहितो का? मी जे जे बोलले, जसं जसं बोलले, ते लिहितो का? संगणकाची चकती, म्हणजे त्यातलं सगळं साठवलेलं, पासवर्डच्या कुलपात आहे, आणि कुलूप मीच घालून दिलंय. दहा प्रयत्न चुकले की सगळं आपोआप पुसलं जाईल, अशी तजवीज करून. चोराच्या हाती लागलं तर, म्हणून! बाबांच्या संगणकाला कोण चोर येणार होता? आठ महिन्यांत मी नऊ प्रयत्न केले, सगळे चुकले. नववा ‘ठिणगी’ होता, आणि तो टाकताना मला खात्री होती. पडद्यावर आलं, एक प्रयत्न शिल्लक. त्या दिवशी मी बाबांवर इतकी चिडले की त्यांच्या रिकाम्या खोलीत उभी राहून मोठ्यानं बोलले. चौदा महिने सांभाळलं, औषधांच्या वेळा पाळल्या, रजा काढल्या, आणि पासवर्डातसुद्धा मी नाही? मग कोण आहे? नंतरच्या रविवारी मी कोड्याचा म्हातारा रचायला घेतला. खऱ्यानं नाव घातलं नाही तर खोट्याकडून घालून घेतलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं कुणी म्हटलं असतं तर मी त्याला खाऊन टाकलं असतं.

नोंदी उघडल्या. वायसरचे तीन प्रयत्न. तिसरा, अकराव्या मिनिटाचा, बरोबर. पहिला तिसऱ्या मिनिटाला, दुसरा आठव्या मिनिटाला, आणि दोन्ही अक्षरन् अक्षर सारखे: ‘उशी पाना काकडी नकाशा’. मी एकदा वाचलं, परत वाचलं. चुकीचं उत्तर कुणी जसंच्या तसं दुसऱ्यांदा देत नाही. कुणी चिडून देतो, पण मग पाच मिनिटं थांबून नाही. ज्याला ते कुणीतरी वाचायला हवं असतं तो देतो. आणि चुकीची उत्तरं वाचणारी जगात एकच बाई आहे. वायसर. नळ गळायला लागला की बाबा रविवारी सकाळी मोरीत बसायचे, मान न वळवता हात मागे करायचे, आणि आम्ही दोघं मागे उभे असायचो. पाना माझ्याकडे असायचा, वायसर धाकट्याकडे. तो वायसर हातात घट्ट धरून ठेवायचा, घामानं ओला होईपर्यंत, आणि मी त्याला कोपर मारायची की दे ना लवकर, वेंधळ्या. माझा भाऊ. बाबा गेले तेव्हा तीन दिवसांनी उगवलेला. मुलीला ताप होता, विमान मिळालं नाही, काय काय सांगत होता, मी ऐकलं नाही. तो परत गेल्यावर त्याचा नंबर मी माझ्या फोनवर बंद केला, त्याचे मेलही अडवले, आमच्या कामात येतंच ते सगळं. आणि हा तीन महिने माझ्याच अंगणात नाव बदलून बसला होता. मागच्या मैफलीत मी वायसरला म्हटलं होतं, नुसतं बघायला पैसे पडत नाहीत, पण एखादी चूक तरी करा राव. त्यानं हसरा चेहरा टाकला होता.

चार शब्द. ते शब्द मला ओळखीचे नव्हते, पण त्यांची चाल ओळखीची होती. बाबा माझ्याकडे राहायला आले त्याच महिन्यात त्यांनी पार्सलच्या नावानं आलेली एक लिंक दाबली आणि त्यांच्या फोनमधल्या सगळ्या लोकांना भलतेसलते निरोप गेले. त्यांच्या जुन्या साहेबांनासुद्धा. मी स्वयंपाकघरात उभी राहून बोलत होते, हातात कलथा होता. “सतरांदा सांगितलंय बाबा, अनोळखी लिंक दाबायची नाही! पालथ्या घड्यावर पाणी! लोकांना मी हेच शिकवते आणि माझ्या घरात हे!” ते खुर्चीच्या कडेवर बसून होते, कचेरीत साहेबासमोर बसावं तसे. म्हणाले, “मग मला नीट शिकव ना, एकदा.” मी वीस मिनिटं शिकवलं. दारात उभे राहा, म्हटलं, आणि एकमेकांशी काही संबंध नसलेल्या चार वस्तू निवडा. त्याच क्रमानं पाठ करा. घरच्या कुणाचं नाव नाही, तारीख नाही. “तुझंसुद्धा नाही?” “माझं तर मुळीच नाही. आणि पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही, मलासुद्धा नाही.” त्यांनी मान डोलावली, आणि मी मनात म्हटलं, हे म्हातारं काय ऐकणार आहे, आईचं नाव टाकून मोकळं होणार. आठ महिने मी तेच मनात धरून बसले. नऊ प्रयत्नांत नऊ नावं आणि तारखा. त्यांनी माझं ऐकलं असेल, असं मला एकदाही वाटलं नाही.

मी धाकट्याचा नंबर चालू केला आणि फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला.

“ताई?”

“ते चार शब्द कुठून आले?”

“तू फोन केलास.”

“चार शब्द, म्हटलं.”

“बाबांनी सांगितले. शेवटच्या महिन्यात.”

“तुला सांगितले. इथे मी रात्रंदिवस त्यांचं सगळं करतेय, आणि तुला सांगितले.”

“अगं, तूच म्हणाली होतीस ना त्यांना, कुणाला सांगायचं नाही, तुलासुद्धा नाही? ते घाबरले होते, ताई. आपल्याला आठवेनासं होईल म्हणून. मला म्हणाले, तू लिहून ठेव कुठेतरी. दोनदा वदवून घेतलं माझ्याकडून. आणि म्हणाले, ठिणगीला कळू देऊ नकोस, दुसऱ्याला सांगितलं म्हणून रागावेल.”

खिडकीबाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, ती टुंटुं वाजत होती, थांबतच नव्हती. मग मी म्हटलं, “आठ महिने गप्प बसलास?”

“गप्प? तिसऱ्या दिवशी मी तोंड उघडलं, म्हटलं, ताई, बाबांचा संगणक... तू म्हणालीस, हात लावशील तर याद राख. मी वाटणी मागायला आलोय असं बघत होतीस. मग नंबर बंद, मेल बंद. काय करायचं होतं मी? दगडाला चिठ्ठी बांधून खिडकीतून फेकायची? मग म्हटलं, ही चुका वाचते. चूक करावी.”

“आणि माझं कोडं फोडलंस.”

“ते फोडायलाच असतं ना?” तो हसायला गेला आणि थांबला. “आणि ते काय अवघड होतं गं. म्हातारा तू रचलास म्हटल्यावर त्याच्या पासवर्डात दुसरं कोण असणार?”

हे मला असं झोंबलं की मी फोन जवळजवळ ठेवलाच. तो घाईघाईनं म्हणाला, “किती प्रयत्न राहिलेत?”

“एक.”

त्याची मुलगी मागे काहीतरी गुणगुणत होती. “बरोबर लिहून घेतलेत मी,” तो म्हणाला. “आधी उशी. मग पाना.”

“तुझ्यावर विश्वास ठेवू? तीन दिवसांनी आलेल्या माणसावर?”

“माझ्यावर नको ठेवूस. बाबांवर ठेव.”

“काय आहे त्यात? तुला माहितीय.”

“उघड आणि बघ. मी सांगितलं तर तू माझ्यावर ओरडशील, आणि मग उघडायचं राहूनच जाईल.”

मी फोन ठेवला आणि त्याच्यावर चिडून बाबांच्या खोलीत गेले. दार लोटलेलं होतं, ते मी गेल्या आठ महिन्यांत तसंच लोटून ठेवते. खोलीला अजून खोडरबराचा वास आहे. संगणकाच्या कळांवर बाबांनी कागदाचे छोटे चौकोन चिकटवले होते, चष्मा न लावता दिसावीत म्हणून काळ्या शाईनं काढलेली अक्षरं, नकाशावर काढायचे तशीच, उभी, सारख्या उंचीची. मी खुर्चीत न बसता मागे दारापर्यंत गेले आणि त्यांच्या जागी उभी राहिले. पलंगावरची उशी दिसली. नकाशा भिंतीवर. पाना खिडकीच्या चौकटीत, तो नेहमी तिथे असायचा, आजही आहे. काकडी त्या सकाळच्या बशीत असेल, त्यांना मीठ लावून आवडायची. वीस मिनिटांत शिकवलेलं त्यांनी शब्दशः केलं होतं. मी टेबलापाशी आले, उभ्यानंच टाकले चार शब्द. शेवटची कळ दाबायच्या आधी मला वाटलं की राहू दे, हा एक प्रयत्न असाच शिल्लक राहू दे, निदान कधीतरी उघडेल असं म्हणता तरी येईल. मग त्या विचाराचाच राग आला आणि कळ दाबली. उघडलं.

पडद्यावर एकच कागद होता, बाकी सगळं स्वच्छ. मी आत्मचरित्र शोधत होते, तक्रारी शोधत होते, स्वतःला शोधत होते. ती नोंदवही होती, खात्यातल्यासारखी, रकाने आखलेली. क्रमांक, तारीख, काय लिहिले, यंत्राचे उत्तर, शेरा. क्रमांक एक: ‘कृपया दार उघडावे, ही विनंती.’ यंत्राचे उत्तर: ‘दार हललंसुद्धा नाही, जोर लावा.’ शेरा: ‘जोर म्हणजे काय, ते धाकट्याला विचारणे.’ मी ते वाचलं आणि मला आधी काही कळलंच नाही. मग वर नाव दिसलं, कोपऱ्यात: तोटी. त्याखाली आमच्या स्पर्धेचं पान अजून उघडं होतं, त्याच नावानं आत शिरलेलं. क्रमांक दोन, ‘मी आत येऊ का?’ क्रमांक तीन, ‘आरेखक, पाणीपुरवठा’. क्रमांक सात, ‘मी तुझा बाप आहे.’ हे मी पाहिलं असणार. त्या दिवशी यादीत असणारच, मी पुढे गेले असणार, पहिला जास्त विनोदी होता म्हणून. क्रमांक नऊच्या पुढे मैफलीची तारीख होती. काय लिहिले हा रकाना रिकामा. यंत्राचे उत्तर रिकामं. शेरा: ‘ठिणगी आज खूप हसली. बऱ्याच दिवसांनी.’

भिंत एकच आहे मधे. मी इकडे कानाला हेडफोन लावून सरकारी आवाज काढत होते, आणि ते पलीकडे याच खुर्चीत बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पेला धुताना त्यांनी विचारलं होतं, “काल लोक फार हसत होते, नाही?” आणि मी पिशवी भरता भरता म्हटलं होतं, “हो, एक गाढव आलं होतं.” ते म्हणाले, “असं का.” पेला पालथा घातला. मला ते आठवत होतं, सगळं आठवत होतं, पेल्यातून ओघळलेलं पाणीसुद्धा. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला, असं आई म्हणायची, आणि मी म्हणायची, आई, शी! मला इतका राग आला होता की काहीतरी फोडावं, आणि त्या खोलीत फोडण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्यांचं होतं. नोंदवही तिथे थांबली नव्हती. गाढव म्हटल्यावर त्याच संध्याकाळी क्रमांक दहा होता. मग रोज, दोन-दोन, तीन-तीन. मध्ये मध्ये धाकट्यानं फोनवरून दिलेल्या सूचना, ‘पानाच्या पाठीमागे बघायचे असते म्हणतो. पाठ कुठे असते?’ सतराव्या दिवशी क्रमांक अठ्ठावन्न. त्यांना पडद्यावरच्या पानाची पाठ, म्हणजे त्यामागचा कोड, सापडली होती, आणि पाठीवर मी लपवलेला शब्द. तो त्यांनी नीट लिहून ठेवला होता. शेरा: ‘उत्तर मिळाले. मुदत संपली आहे. पाठवले नाही.’ त्यानंतर पुढच्या स्पर्धेचं कोडं, परत क्रमांक एकपासून. आणि मग पुढचं. त्यांतलं एकही उत्तर पाठवलेलं नाही. शेवटपर्यंत रोज सात ते आठ हेच.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. पहिलं कोडं अजून चालू असतं, सरावासाठी आम्ही जुनी दारं बंद करत नाही. कागदाच्या चौकोनांवरून एकेक अक्षर शोधत मी क्रमांक अठ्ठावन्नचा शब्द चौकटीत टाकला, तोटीच्या नावानं, त्यांनी टाकायला हवा होता तसा. क्षणभर काहीच झालं नाही. मग ते आलं, माझ्याच शब्दांत, माझ्या आवडत्या ठसठशीत अक्षरात. ‘उत्तर बरोबर! पण वरातीमागून घोडं. गुण शून्य.’

पाच वाजून गेले होते. त्याच पडद्यावर, बाजूच्या चौकटीत, मैफलीला लोक येऊ लागले होते. कृपया दार उघडावे. कृपया दार उघडावे. कृपया दार उघडावे, ही विनंती. खाली, खाली, एकाखाली एक, दीडशे माणसं, सगळी हसतमुख, कुणाच्या मनात काही वाईट नाही. मग कुणाला तरी दिसलं की यादीत तोटी हिरवा झालाय, आणि खोलीत दंगा उसळला. तोटी आले! तोटी परत आले! अहो तोटी, उघडलं का दार? वायसरही तिथे होता. तो काही लिहीत नव्हता.

मी माझ्या खोलीत जाऊन हेडफोन घेऊन आले आणि बाबांच्या खुर्चीत बसूनच आवाज सुरू केला. खिळा म्हणाला, “होतीस कुठे? वायसरचं काय करायचं? बाद?” मी म्हटलं, “त्याचं उत्तर बरोबर आहे. जिंकला तो.” “आणि आवाजाला काय झालं तुझ्या?” “काही नाही. यादी मी वाचते.” सगळे शांत झाले. मी म्हटलं, आजच्या चुका तुमच्या नाहीत, एका बाईच्या आहेत. तिच्या घरात एक संगणक होता, दहा प्रयत्नांचा, आणि कुलूप तिनंच घातलं होतं. एवढ्यावरच लोक खुदखुदले. पहिला प्रयत्न, आईचं नाव. हसले. दुसरा, आईचं नाव, उलटं. जोरात हसले. तिसरा, जुन्या घराचा क्रमांक. चौथा, बापाच्या खात्याचं नाव. पाचवा, भावाचं नाव, दात-ओठ खाऊन. सहावा, भाचीचं. सातवा, आई गेली ती तारीख, आणि इथे काही जण हसायचे थांबले, काही थांबले नाहीत. आठवा, तिचं स्वतःचं नाव. नववा, तिचं लाडाचं नाव. खिळा हसून हसून खोकायला लागला, म्हणाला, “कोण आहे गं ही गाढव?” मी म्हटलं, “आहे एक.”

“आणि दहावा?” कुणीतरी विचारलं.

“दहावा बरोबर होता,” मी म्हटलं. “बरोबर उत्तरं आपण वाचत नाही.”